मूल शाळेत जाते, पण शिकते का? मुंबईतून जगभर गेलेल्या एका संशोधनाची हकिकत

एका साध्या कागदावर चार चौकटी छापलेल्या असतात. पहिलीत सुटी अक्षरे, दुसरीत रोजच्या बोलण्यातले सोपे शब्द, तिसरीत पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि चौथीत दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. जवळच्या महाविद्यालयात शिकणारा एखादा स्वयंसेवक हा कागद घेऊन घराच्या ओसरीवर मुलाशेजारी बसतो आणि आधी उतारा वाचायला सांगतो. उतारा सहज वाचून झाला तर गोष्ट पुढे करायची आणि मूल अडखळले तर शब्द दाखवायचे; पाचांपैकी चार शब्दही वाचता आले नाहीत तर अक्षरांकडे वळायचे. काही मिनिटांत मूल वाचनाच्या कोणत्या पायरीवर उभे आहे ते समजते. इथे गुण देत नाहीत, पास-नापास ठरवत नाहीत. मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे की नाही यावरही काही अवलंबून नसते, कारण पाहणी घरोघरी जाऊन केली जाते आणि म्हणून त्या दिवशी शाळा बुडवलेले मूलही तिच्यात येते.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘असर’ या नावाने २००५ पासून भारताच्या ग्रामीण भागात होत आलेली पाहणी ती हीच. प्रत्येक जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे असा तिचा साधारण आवाका असतो. २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. हा आकडा वाचून हळहळणे सोपे आहे. ही मुले वाचायला का शिकली नाहीत आणि काय केले तर शिकतील, हे खात्रीने सांगणे मात्र फार अवघड आहे. त्या अवघड प्रश्नावर मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी, अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी, पुढे आफ्रिकेतल्या शिक्षकांनी आणि बालविकासाच्या अभ्यासकांनी मिळून दोन दशकांहून अधिक काळ काम केले आहे. शिक्षणातले आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की परिषदा, करार आणि छायाचित्रे डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्ष काम कसे चालते, ते या एका उदाहरणातून नीट समजते. आणि माझ्या मते या कामाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्यात फसलेले आणि फसले म्हणून उघडपणे छापलेले प्रयोग.

सुरुवात मुंबईत झाली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९५ च्या सुमारास युनिसेफ आणि मुंबई महापालिका यांच्या साहाय्याने ‘प्रथम’ ही संस्था उभी केली आणि झोपडपट्ट्यांमध्ये बालवाड्या चालवण्यापासून कामाला आरंभ केला. चव्हाण हे मूळचे रसायनशास्त्राचे अभ्यासक, अमेरिकेत शिकून आणि शिकवून परतलेले. त्यामुळे ‘आपल्याला वाटते म्हणून ते खरे’ यावर समाधान मानणे त्यांच्या शिस्तीत बसणारे नव्हते. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीपर्यंत पोहोचूनही अक्षरओळख नसलेली मुले सापडत होती. त्यांच्यासाठी संस्थेने बालसखी नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, माध्यमिक शिक्षण झालेली तरुणी. साधारण दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन ती मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना शाळेच्या वेळातलेच दोन तास वर्गाबाहेर, मिळेल त्या जागेत बसवून वाचन आणि मूळ गणित शिकवत असे. मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये.

मुले शिकत आहेत हे बालसखींना दिसत होते. पण मुले बालसखीमुळेच शिकली, की वर्षभरात ती तशीही थोडी पुढे गेलीच असती? हा प्रश्न खवचट वाटतो, परंतु त्याचे उत्तर नसेल तर हजारो शाळांत पैसा आणि मुलांचा वेळ केवळ विश्वासावर खर्च होतो. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातले अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांचे सहकारी इथे या कामात आले. (बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, या माहेरच्या मराठी.) त्यांनी आणलेली पद्धत औषधांच्या चाचण्यांत जुनीच आहे. कोणाला उपाय मिळेल आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगावर ठरवायचे. शाळांची निवड माणसाने केली तर हुशार मुख्याध्यापकांच्या किंवा उत्साही पालकांच्या शाळा नकळत एका बाजूला जमा होतात आणि मग फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. चिठ्ठीला असा पक्षपात करता येत नाही. शाळांची संख्या पुरेशी असली की दोन्ही गट सुरुवातीला सर्व बाबतींत जवळपास सारखे असतात, आणि वर्षाअखेरी त्यांच्यात जो ठळक फरक दिसेल तो उपायाच्या खात्यावर टाकता येतो.

पण मदतीची गरज असलेल्या शाळेला ‘तुमची चिठ्ठी निघाली नाही’ असे सांगायचे कसे, हा प्रश्न उरतोच. मुंबईत त्यावर काढलेली तोड मला आजही फार आवडते. अभ्यासातल्या प्रत्येक शाळेला बालसखी मिळाली. एका गटातल्या शाळांत ती तिसरीला मिळाली आणि दुसऱ्या गटातल्या शाळांत चौथीला. पहिल्या गटातली तिसरी आणि दुसऱ्या गटातली तिसरी यांची तुलना करायची, चौथीचेही तसेच. कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही आणि तुलनाही चोख झाली. अशी युक्ती केवळ संख्याशास्त्र जाणून सुचत नाही. शाळेच्या दारात रोज उभे राहणाऱ्या माणसांना कोणती गोष्ट पटेल याची जाण तिच्यात मिसळलेली असावी लागते.

मुंबई आणि वडोदरा इथे २००१ ते २००३ या काळात हा अभ्यास झाला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षाअखेरी बालसखी असलेल्या वर्गांचे गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढलेले आढळले. हा शब्द घाबरवणारा असला तरी अर्थ सोपा आहे. शंभर मुले गुणांप्रमाणे चढत्या रांगेत उभी केली आणि मधल्या, म्हणजे पन्नासाव्या मुलाचे गुण एवढ्या मापाने वाढले, तर ते मूल साधारण एकसष्टाव्या जागी जाऊन उभे राहील. कमी शिकलेल्या, तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या तरुणीने मिळवलेले हे यश लहान नाही. लाभ मुख्यत्वे सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. मागची मुले बाहेर गेल्यामुळे ज्यांचा वर्ग लहान झाला, त्या उरलेल्या मुलांच्या गुणांत मात्र वाढ दिसली नाही. म्हणजे वर्गातली डोकी कमी करण्यापेक्षा मुलाला जिथे अडते तिथून शिकवणे अधिक उपयोगी पडले. आणखी एक गोष्ट त्याच निबंधात प्रांजळपणे नोंदवलेली आहे: उपक्रम संपून वर्ष लोटल्यावर फरक बराच ओसरला आणि ०.१ च्या आसपास येऊन थांबला.

इथे थांबून यशाची जाहिरात करता आली असती. त्याऐवजी पुढचा प्रश्न घेऊन मंडळी उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गेली. मुलांना वाचता येत नाही हे गावालाच ठाऊक नसेल, ते कळले तर गाव शाळेला जाब विचारील आणि शाळा सुधारेल, असे तेव्हा अनेकांना मनापासून वाटत होते. २८० गावांत हे तपासले गेले. काही गावांत ग्रामशिक्षण समितीचे हक्क समजावणाऱ्या सभा झाल्या. काहींत त्याबरोबर गावकऱ्यांना मुलांचे वाचन स्वतः तपासायला शिकवले. काहींत या दोन्हींच्या जोडीला, मुलांना वाचायला कसे शिकवावे याचे प्रशिक्षण गावातल्याच स्वयंसेवकांना दिले. पहिल्या दोन्ही प्रकारांनी शाळेत काही बदलले नाही आणि मुलांच्या वाचनातही नाही. तिसऱ्या प्रकारात, स्वयंसेवकांच्या वर्गाला जी मुले आली ती वाचायला लागली. पण वर्गाला येणारी मुले थोडी होती. माहिती दिली की माणसे हालचाल करतात या गृहीतकाला हा मोठा धक्का होता. या निबंधाच्या लेखकांत ‘प्रथम’च्या रुक्मिणी बॅनर्जी यांचेही नाव आहे, याला माझ्या दृष्टीने महत्त्व आहे. आपल्याच कल्पनांपैकी दोन चालल्या नाहीत, हे संस्थेच्या जबाबदार व्यक्तीने स्वतःच्या सहीनिशी मांडले. दुसरीकडे, ज्याचे काम मोजायचे तोच मोजणाऱ्यांमध्ये बसला तर मापात खोट येण्याचा धोका असतो; म्हणून चिठ्ठ्या, मोजमाप आणि आकडेमोड यांचे नियम आधीच ठरवून ठेवावे लागतात.

खरा तिढा बिहारात समोर आला. स्वयंसेवक गावोगावी किती पुरणार? वेतन घेणारे, प्रशिक्षित, कायम असलेले शिक्षक तर सरकारी शाळांतच आहेत, तेव्हा हीच पद्धत त्यांच्या हाती देणे तर्काला धरून होते. २००८ च्या उन्हाळी सुट्टीत बिहारच्या सरकारी शिक्षकांनी महिनाभर शिबिरे चालवली, फक्त मागे पडलेल्या मुलांना पातळीनुसार शिकवले आणि मुलांचे वाचन सुधारले. मग शाळा उघडली. त्याच प्रकारच्या शिक्षकांना तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण मिळाले. तरी वर्षभराच्या वर्गात परिणाम दिसेना. शेजारच्या गावांत जिथे स्वयंसेवक शाळेच्या वेळेबाहेर शिकवत होते तिथे तो दिसला. उत्तराखंडात स्वयंसेवकांनाच शाळेत पाठवून पाहिले, तर शाळांनी त्यांना नेहमीच्या तासांना उभे केले आणि परिणाम पुसला गेला.

शिक्षकांना शिकवता येत नाही, असा याचा अर्थ होत नाही, कारण उन्हाळ्यात त्यांनीच ते करून दाखवले होते. आपल्याकडे मुलांच्या मागासलेपणाचे खापर शिक्षकाच्या डोक्यावर फोडण्याची घाई नेहमी होते, म्हणून हे ठासून सांगावेसे वाटते. शाळा सुरू झाली की शिक्षकासमोर पाठ्यपुस्तक असते, ते ठरलेल्या महिन्यापर्यंत संपवायचे असते आणि वरिष्ठ येतात तेव्हा ‘कितवा धडा झाला’ असे विचारतात. चौथीच्या वर्गात बसून अक्षरे न ओळखणाऱ्या मुलासाठी त्या वेळापत्रकात जागाच नसते. हे ध्यानात आल्यावर २०१२-१३ मध्ये हरियाणात वेगळी रचना केली. शाळेच्या दिवसात एक तास राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता बाजूला सारून मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवले आणि आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे काम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस वर्ग घेऊन पद्धत हाताखालून घातली. यावेळी सरकारी शिक्षकांच्या हातून, भर शाळेच्या दिवसांत, मुलांचे हिंदी वाचन सुधारले. पद्धत तीच होती; तिच्यासाठी वेळ मोकळा झाला आणि वरिष्ठ तिच्याविषयी विचारू लागले.

तोवर तो चार चौकटींचा कागद देशाबाहेर पोहोचला होता. पाकिस्तानात त्याच ‘असर’ नावाने पाहणी सुरू झाली. केनिया, टांझानिया आणि युगांडा या देशांत २००९ पासून ‘उवेझो’ नावाचे काम उभे राहिले. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ क्षमता. पुढे माली, सेनेगल, मेक्सिको, नायजेरिया, मोझांबिक अशी साखळी वाढली आणि २०१५ मध्ये या सर्वांचे ‘पाल’ नावाचे जाळे विणले गेले. त्याचे मुख्य कार्यालय नैरोबीत आहे. संशोधन म्हटले की विचार उत्तरेकडच्या श्रीमंत देशांतून यायचा आणि दक्षिणेने तो राबवायचा, अशी जी वहिवाट आहे तिच्या उलट हा प्रवाह आहे. भारतातल्या ओसरीवर घडलेले साधन थेट आफ्रिकेत गेले.

मात्र कागद जसाच्या तसा नेता येत नाही. भाषांतर केले की काम झाले, असे मुलांच्या वाचनाच्या बाबतीत कधीच होत नाही. मराठी मूल अक्षरांबरोबर बाराखडी शिकते, काना-मात्रा-वेलांटी लावते आणि जोडाक्षरापाशी अडते. स्वाहिली रोमन लिपीत लिहिली जाते, पण तिथे ‘बा, बे, बी, बो, बु’ असे खंड म्हणत शिकण्याची रीत आहे आणि लिहिले तसे वाचता येते. आपल्या बाराखडीशी तिचे नाते इंग्रजीपेक्षा जवळचे. इंग्रजीत अक्षर ओळखूनही शब्दाचा उच्चार कळेलच असे नाही. त्यामुळे मुलाने मिनिटाला किती शब्द वाचले हा आकडा घेऊन मराठी, स्वाहिली आणि इंग्रजी मुलांची क्रमवारी लावणे चुकीचे ठरते. प्रत्येक भाषेत अक्षरे, शब्द आणि उतारा तिथल्या पाठ्यपुस्तकांवरून, तिथल्या शिक्षकांनी निवडून नव्याने बेतावा लागतो. समान राहतो तो प्रश्न: मूल कोणत्या पायरीवर आहे? संख्यांच्या बाबतीत तुलना त्यामानाने सोपी असते आणि २०१९ मध्ये ‘पाल’ने तेरा देशांत एकच समान चाचणी घेतली, ती गणिताची.

मापाबरोबर शिकवण्याची पद्धतही गेली. झांबियात २०१६ पासून सरकारी शिक्षकच ‘कॅच अप’ या नावाने पातळीनुसार गट करून, स्थानिक भाषांतून शिकवू लागले, आणि त्याच्या रचनेत बिहार व हरियाणातला धडा स्पष्ट दिसतो: तास राखून ठेवायचा आणि देखरेख करणाऱ्यांना आधी वर्गात उभे करायचे. अभिजित बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा निवड समितीने भारतातल्या पन्नास लाखांहून अधिक मुलांना अशा पूरक शिकवणीचा लाभ झाल्याचा उल्लेख केला. तो सन्मान तिघांच्या नावावर आहे. वस्त्यांमध्ये खेटे घालणाऱ्या बालसखींची नावे कोणत्याच निबंधावर नाहीत, याची खंत वाटते.

वाचनाचा हा प्रश्न बराचसा शाळेच्या घडणीचा होता. पण शिकण्याच्या मुळाशी मुलाचे मन कसे चालते हे समजायला बालविकासाचे अभ्यासक लागतात. हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की यांनी तान्ह्या मुलांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. ठिपक्यांच्या दोन पुंजक्यांपैकी कोणता मोठा, कोणता आकार इतरांपेक्षा वेगळा, अशी जाण बोलता येण्याआधीपासून माणसात असते. ही उपजत जाण खेळांतून तासली तर शाळेतले गणित सोपे जाईल का? दिल्लीत ‘प्रथम’च्या २१४ बालवाड्यांत सुमारे दीड हजार मुलांवर हे तपासले गेले. चार महिने काही मुलांना संख्या आणि आकारांचे खेळ दिले, काहींना चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याचे खेळ आणि काहींची बालवाडी नेहमीसारखी चालू ठेवली. भाव ओळखण्याचे खेळ मुद्दाम ठेवले होते, कारण त्याशिवाय फरक गणिताच्या खेळाने पडला की केवळ नव्या खेळाच्या गंमतीने, हे सांगता आले नसते. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताचे खेळ खेळलेल्या मुलांची उपजत जाण वर्षभरानंतरही इतरांपेक्षा तल्लख होती. पहिलीच्या गणितात मात्र त्यांना टिकाऊ फायदा झाला नाही. ठिपके आणि अंक यांच्यामधला पूल आपोआप बांधला जात नाही, हे त्यातून कळले.

या पुलाची गोष्ट आधी दुसऱ्या खंडात सुरू झाली होती. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा एक छोटा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पस्तीस क्रुझेरोंना (हे ब्राझीलचे तेव्हाचे चलन) एक नारळ, तर दहांचे किती, असे बारा वर्षांच्या मुलाला विचारले. दहाने गुणण्यासाठी शून्य जोडायचे, हे त्याने केले नाही. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तीन घेतले की दोनशे दहा, अजून चार हवेत, असे करत तो तीनशे पन्नासवर पोहोचला. बाजारात विचारलेल्या ६३ गणितांपैकी या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा ३७ टक्के.

पाच मुलांवरून जगाबद्दल काही म्हणता येते का? कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास बॅनर्जी, डफ्लो, स्पेल्की आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी केला आणि तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक म्हणून गेलेला पाहणीकार वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे मागतो, पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे मागतो आणि दोनशेची नोट पुढे करतो. पोरगा सोळा आणि एकवीस मिळून सदतीस सांगतो आणि एकशे त्रेसष्ट रुपये परत देतो, कागद-पेन्सिलीशिवाय. पण तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे शाळेतले उदाहरण कोलकात्याच्या या मुलांपैकी जेमतेम एकतृतीयांश मुलांना सुटले. ज्यांनी बाजारात कधी काम केले नव्हते अशा शाळकरी मुलांचे नेमके उलटे झाले: वहीतली उदाहरणे त्यांना अधिक चांगली जमली आणि बाजारातल्या हिशेबाशी ती झगडत राहिली.

म्हणजे अडचण दुहेरी आहे. भाजीच्या गाड्यावरचे मूल जो हिशेब करते त्याला शाळा गणित मानत नाही, आणि शाळेतले मूल जे गणित करते ते फाटकाबाहेर त्याच्या उपयोगी पडत नाही. पहिलीच्या वर्गात अंक फळ्यावर लिहिताना त्याच क्षणी तो अंक चिंचोक्यांत, नाण्यांत आणि वजनांत मुलाच्या हाती दिला तर हे दोन हिशेब एकत्र वाढतील का? की चिन्हे आधी पक्की व्हावी लागतात? बंगाली, मराठी आणि झांबियातली चिन्यान्जा बोलणाऱ्या मुलांसाठी याचे उत्तर एकच असेल का, हेही चिठ्ठ्या टाकून, शाळा-शाळांत जाऊन, पुन्हा नव्याने पाहावे लागणार आहे.